मूल बालगृहात ठेवलंय? मग रजिस्टरवर सही करत जा

मुंबईत घरकाम करणाऱ्या, नवऱ्याने सोडलेल्या कितीतरी बायका पोरांना "होस्टेलला टाकलंय" म्हणतात, खोलीचं डिपॉझिट जमलं की घेऊन येऊ असं मनात असतं. पण ते होस्टेल नसतं हो, बालगृह असतं, मूल तिथे बालकल्याण समितीच्या (अशा मुलांचा निर्णय घेणारी सरकारी समिती) ऑर्डरने असतं. आणि तिथलं मूल दत्तकही जाऊ शकतं.

आधी दत्तक जायची ती अनाथ, टाकून दिलेली नाहीतर आईबापांनी स्वतः सरेंडर केलेली, म्हणजे लिहून कायमची सोडून दिलेली मुलं. आता दत्तकासाठी अजून दोन गट बघतात, एक म्हणजे वर्षभर कोणी भेटायलाच आलं नाही अशी मुलं, आणि दुसरा ज्यांचे पालक समितीला सांभाळायला लायक वाटत नाहीत अशी. लगेच मूल उचलून देतात असं नाही, चौकशी होते, घरचा पत्ता शोधतात. पण गोवंडीची झोपडी तुटली आणि तुम्ही दिव्याला राहायला गेलात तर शोधणारा माणूस गोवंडीलाच जाणार ना?

म्हणून भेटायला गेलात की व्हिजिट रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही किंवा अंगठा, आणि मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो. आमच्या ओळखीची एक ताई दर महिन्याला खाऊ घेऊन जायची, गेटवर वॉचमनकडे पिशवी द्यायची आणि लोकल पकडायची. रजिस्टरमध्ये तिचं नाव एकदाच! तिने माया केली नाही असं कोण म्हणेल, पण फाईलला माया दिसत नाही. पत्ता, नंबर बदलला तर साध्या कागदावर लिहून संस्थेला आणि समितीला द्या, झेरॉक्सवर "मिळाले" सही-शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

कोणी सही मागितली तर आधी विचारा, हा सरेंडरचा कागद आहे का. सरेंडर समितीसमोरच होतं, आधी समुपदेशन होतं, लग्नाचं जोडपं असेल तर दोघांची सही लागते, आणि सही केल्यावरही ६० दिवसांत मन बदललं तर मूल परत मागता येतं. ते दिवस कॅलेंडरवर मोजा. त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं, आणि दत्तकाची ऑर्डर सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी कलेक्टर काढतात. ती निघाली की जन्माच्या घराशी कायद्याचं नातं संपलं. नोटरीकडून स्टॅम्प पेपरवर "बाळ दिलं" असं लिहून परस्पर कुणाला देणं हा तर गुन्हाच, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि अडचण फक्त पैशाचीच असेल तर बालसंगोपन योजनेचं विचारा. एकट्या आईला मूल घरी ठेवून महिना २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. भाडं त्यात निघत नाही, कबूल, पण मूल घरी राहतं.