लोकरीचा लॉट नंबर: दुकानदारांसाठी एक टीप

लोकरीचं छोटं दुकान असेल तर एक सवय लावून घ्याच, गिऱ्हाईकाने स्वेटरसाठी लोकर घेतली की गुंड्याच्या लेबलवरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा, शेड नंबर तर सगळेच बघतात पण शेड तोच असून लॉट वेगळा असला की रंगात किंचित फरक पडतो, कारण प्रत्येक लॉट वेगळा रंगवलेला असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये तो दिसतच नाही, अंगावर घालून उन्हात गेलं की पाठ वेगळी आणि बाही वेगळी. महिनाभर खपून विणलेल्या स्वेटरचं असं झालं की फार वाईट वाटतं हो.

म्हणून गिऱ्हाईक काकूंना किती लोकर लागेल याचा अंदाज नसेल तर त्याच लॉटचे दोन-तीन गुंडे जास्तीचे पिशवीत घालून नाव लिहून बाजूला ठेवा, पैसे नेतील तेव्हा घ्या. मुदत मात्र आधीच सांगा, नाहीतर कपाट भरून जातं. लेबल न काढलेला अख्खा गुंडा परत घ्यायचीही तयारी ठेवा.

आणि लॉट संपलाच तर? जुन्या-नव्या गुंड्याच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणायला सांगा, फरक मिसळून जातो. किंवा नवा लॉट फक्त गळ्याला आणि बॉर्डरला वापरायचा. दुकानात विणायला बसणाऱ्या बायकांचा ग्रुप असेल तर आधी तिथे विचारा, कुणाकडे तरी त्याच लॉटचा एखादा गुंडा उरलेला निघतो.