रुग्णांसाठीचं पत्रक छापायच्या आधी

कळव्यात आमच्या शेजारच्या आजींना दवाखान्यातून मधुमेहाचं पत्रक मिळालं. चकचकीत कागद, फिकट निळ्यावर पांढरी बारीक अक्षरं. मोतीबिंदूमुळे त्यांना काहीच दिसेना. मी वाचून दाखवलं, तर ‘आहार नियंत्रण’ म्हणजे एक वेळ उपास, असा त्यांनी अर्थ लावला. मला धस्स झालं, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते.

पत्रक साध्या पांढऱ्या कागदावर, काळ्या अक्षरांत, निदान 14 पॉइंटमध्ये छापा. ‘दिवसातून दोनदा’ऐवजी ‘सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक’ असं लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो पाठवू नका. अंध माणसाच्या मोबाइलमधल्या टॉकबॅकला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला) त्यातला मजकूर नीट वाचता येत नाही. मजकूर टाइप करून पाठवा, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठीत टाइप करतो त्या अक्षरांत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे मोबाइल भलतंच काहीतरी वाचतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर सावकाश बोलून रेकॉर्ड करा.

आणि छापण्याआधी दवाखान्यातल्या मावशींना, रांगेतल्या एखाद्या आजोबांना कच्चा कागद दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर नेमकं काय कराल?’ असं विचारा. जिथे ते अडखळतील, ते वाक्य बदला.