जत्रेच्या नाटकासाठी स्ट्रिंग्ज: लायब्ररी उघडण्याआधी

फोंड्याकडच्या जत्रेतल्या नाटकाला यंदा रेकॉर्ड केलेलं संगीत हवं असेल आणि स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या कुळातली गजाची वाद्यं) सॅम्पल लायब्ररीतूनच, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर संगणकावर वाजवूनच, काढायच्या असतील, तर आधी गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर आहे ते, विचारून घ्या. काळी एक असेल तर व्हायोलिनची सर्वांत खालची खुली तार, पांढरी पाच, म्हणजे त्या पट्टीचा तीव्र मध्यम. त्याच्या लगेच खालचा शुद्ध मध्यम व्हायोलिनवर नाहीच. काही लायब्र्या तिथे गप्प बसतात, काही वरचा सूर ताणून तुम्हाला फसवतात. तो तुकडा सरळ व्हियोलाकडे (व्हायोलिनच्याच जातीचं, खालच्या सुरांचं वाद्य) द्या.

मग कागद. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हियोला, चेलो, डबल बास, प्रत्येकाची ओळ वेगळी लिहा. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोंयकार अरेंजरांनी (वाद्यांच्या ओळी लिहून देणाऱ्यांनी) मुंबईच्या सिनेसंगीतात हेच काम हाताने केलं. की-बोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबून मोकळं होणं सोपं आहे खरं, पण 14 व्हायोलिनांच्या पॅचवर (लायब्ररीतला एक तयार आवाज) तीन सुरांचा कॉर्ड दाबला की 42 व्हायोलिनं वाजतात. अशा गर्दीतून खरेपणा कुठून येणार!

ओळी झाल्या की प्रत्येक ओळ गाऊन बघा आणि गज कुठे पालटेल तिथे खूण करा. एका गजात जाणारे सूर लेगॅटो (जोडून वाजणाऱ्या) पॅचवर, पुढचा सूर आधीचा संपण्याच्या किंचित आधी सुरू करून. गज पालटतो तिथे फट ठेवा. तुटक तालाच्या जागी स्पिकाटो (गज तारेवर उसळवून वाजवलेले सुटे सूर), पण एकच सॅम्पल पुन्हापुन्हा वाजू नये म्हणून राउंड रॉबिन (एकाच सुराची वेगवेगळी सॅम्पल आळीपाळीने वाजवणं) चालू आहे ना ते पाहा.

मॉड्युलेशन व्हील (की-बोर्डवरचं चाक; संगणकाच्या भाषेत कंट्रोलर क्रमांक 1, म्हणजे सीसी 1) माउसने आखू नका, वाजवत असताना हाताने फिरवा. बहुतेक लायब्र्यांत त्याने आवाजाची पातळीच नाही, तर पोतही बदलतो; सीसी 11 नुसती पातळी सांभाळतो. लांब सूर सपाट राहिला की लगेच हार्मोनियम ऐकल्यासारखं वाटतं. लेगॅटो पॅच थोडा उशिरा बोलतो. किती, ते लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत पाहून ट्रॅक तेवढाच आधी सरकवा, सूर ग्रिडला (तालाच्या आखलेल्या रेघांना) चिकटवून हा दोष जात नाही. रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) शेवटी, आणि लायब्ररीत हॉल आधीच रेकॉर्ड झालेला असेल तर अगदी थोडा.

मींड मात्र लायब्ररीवर सोपवू नका. लायब्ररीचा पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) आपल्या गाण्याचा नव्हे. त्या दोन-चार ओळींसाठी एखादा व्हायोलिनवादक बोलवा. गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये विचारलंत तरी कोणीतरी भेटेल. त्याला नोटेशन छापून द्या, गजाच्या खुणा त्याच्या त्यालाच करू द्या, सूर कसा घसरायचा ते गाऊन दाखवा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा, आणि पावसाचे दिवस असतील तर यूपीएसची बॅटरी आदल्या रात्री तपासा.