किनाऱ्यालगतची जागा सीआरझेडमध्ये येते का, हे स्वतः कसं तपासावं

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र; तिथे बांधकामावर निर्बंध असतात. म्हणून बयाणा देण्याआधी दोन सरकारी दस्तऐवज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मंजूर नकाशा आणि 2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका. मध्यस्थाच्या तोंडी खात्रीवर आयुष्यभराची पुंजी लावू नका.

आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढून सर्व्हे नंबर हिस्सा नंबरासकट लिहून घ्या. तिथला फुकटचा उतारा फक्त माहितीपुरता असतो. कामाला लागतो तो 15 रुपये भरून मिळणारा डिजिटल सहीचा.

नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत. 1:25,000 च्या नकाशावर भागू नका. त्यात 200 मीटरचा ना-विकास पट्टा (भरती रेषेलगतचा, नव्या बांधकामाला सहसा बंदी असलेला भाग) म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटर. पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेघच साडेबारा मीटर जागा खाते. सर्व्हे नंबर दाखवणारा 1:4,000 चा नकाशा शोधा. त्यात 1 सेंटिमीटर म्हणजे 40 मीटर, म्हणून 200 मीटरला 5 सेंटिमीटर. पण झेरॉक्सवाल्याने तो ए-फोर कागदावर बसवून छापला की हा हिशेब मोडतो; तेव्हा नकाशावरच्या मापपट्टीनेच मोजा. मोजायचं ते नकाशातल्या भरती रेषेपासून, वाळूवर दिसणाऱ्या पाण्याच्या खुणेपासून नव्हे.

समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऐन उन्हाळ्यात खाडीच्या पाण्यात हजारी 5 भाग क्षार जिथवर सापडतो, तिथवर नियम आत येतात. खाडीकाठच्या आंबा-काजूच्या बागा घेणारे इथेच फसतात.

आता जनगणना पुस्तिका. केंद्र सरकारच्या 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त वस्ती असेल तर नवा आराखडा मंजूर झाल्यावर ना-विकास पट्टा 50 मीटर, नाहीतर 200. पुस्तिकेच्या 12-अ भागात गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये असतं. लोकसंख्येला त्याने भागून 100 ने गुणा: 450 हेक्टरात 1,800 माणसं म्हणजे घनता 400, पट्टा 200 मीटर. वाडीच्या नावाने शोधाल तर काही सापडणार नाही. महसुली गावाचं नाव लागतं. पुस्तिका जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर आहे. मोबाइलवर तक्ते वाचणं जिवावर येत असेल तर शासकीय जिल्हा ग्रंथालयात किंवा 1828 पासून चालत आलेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात ग्रंथपालांना विचारा. हवी ती प्रत कुठे मिळेल, हे त्यांना ठाऊक असतं.

1:4,000 चा नकाशा मिळालाच नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘माझी जागा सीआरझेडमध्ये येते का’ असा प्रश्न विचारू नका. ‘अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर असलेल्या मंजूर नकाशाची प्रत द्यावी’ असं लिहा, कारण कायद्याने तुम्हाला दस्तऐवज मिळतो, अधिकाऱ्याचं मत नाही. पोच जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा.