ईएसपी३२ फ्लॅश करताना पोर्ट उघडत नाही? आधी ग्रुप तपासा

लिनक्स संगणकावरून ईएसपी३२ या वाय-फाय मायक्रोकंट्रोलर बोर्डावर ईएसपीहोम किंवा टॅस्मोटा ही स्मार्ट-होमची फर्मवेअर चढवताना (म्हणजे फ्लॅश करताना) 'परमिशन डिनाइड', एरर १३ आली, तर बोर्डाला दोष देऊ नका. घोडं अडलंय ते लिनक्सच्या परवानगीपाशी. टर्मिनलमध्ये 'एलएस -एल /डेव/टीटीवाययूएसबी०' चालवा; शेवटचं नाव बोर्डाच्या यूएसबी पोर्टचं आहे. उबंटू-डेबियनवर मालक रूट आणि ग्रुप डायलआउट दिसेल. आर्चवर ग्रुप यूयूसीपी असतो.

स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला: 'सुडो युजरमॉड -एजी डायलआउट', पुढे तुमचं युजरनेम (आर्चवर डायलआउटऐवजी यूयूसीपी). 'ए' स्मॉल, 'जी' कॅपिटल. 'ए' गाळलात तर बाकीच्या ग्रुपमधून, अगदी प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सुडोमधूनही, तुमचं नाव उडतं! मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. नवं टर्मिनल उघडून भागत नाही. 'आयडी' चालवल्यावर डायलआउट दिसलं की काम झालं.

पोर्टला ६६६ परवानगी (म्हणजे सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची मुभा) देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो टाळा. केबल काढून लावली की ती परवानगी पुसली जाते.

पोर्टच दिसत नसेल तर बोर्ड जोडून लगेच 'सुडो डीमेसेज' चालवून कर्नलचे संदेश पाहा. काहीच नवीन ओळ नाही? केबल फक्त चार्जिंगची असणार, बदला. सीएच३४१ (बोर्डावरची यूएसबी-सिरियल चिप) जोडला जाऊन क्षणात सुटतोय आणि तिथे 'बीआरएलटीटीवाय' हे नाव दिसतंय? उबंटू २२.०४ वर हे हमखास होतं: ब्रेल डिस्प्लेसाठीची ही सेवा १ए८६:७५२३ या यूएसबी ओळख-क्रमांकाची ही चिप आपलीच समजून बळकावते. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तरच 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करा आणि बोर्ड पुन्हा जोडा.

पोर्ट उघडतोय, पण 'कनेक्टिंग'वरच थांबलंय? मग प्रश्न परवानगीचा नाही. बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा.