टू-डू लिस्टमध्ये कामं लिहायची कशी, म्हणजे ती खरंच होतील

बऱ्याच जणांचं असं होतं की नवीन अ‍ॅप घेतलं जातं, पहिल्या दिवशी उत्साहात तीस-चाळीस कामं टाकली जातात, आणि दोन आठवड्यांनी बघावं तर सगळीकडे तारीख उलटून गेलेल्या लाल ओळी, मग ते अ‍ॅप उघडायचीच धास्ती वाटायला लागते आणि आपण दुसरं अ‍ॅप शोधायला निघतो. मीही तीन-चार अ‍ॅप बदलली. नंतर कळलं की घोळ कामं लिहिण्यात होता.

माझ्या लिस्टमध्ये "इन्शुरन्स" हा एकच शब्द जवळजवळ चार महिने पडून होता. रोज दिसायचा, रोज मी उद्यावर ढकलायचे. कारण इन्शुरन्सचं नक्की काय करायचंय हे दर वेळी नव्याने आठवावं लागायचं आणि तेवढ्यानेच कंटाळा यायचा. एक दिवस ती ओळ खोडून लिहिलं, "निळ्या फाइलमधून पॉलिसीचा कागद काढ आणि संपायची तारीख बघ." पाच मिनिटांत झालं! तारीख कळली, मग पुढची ओळ आपोआप सुचली, "एजंटला फोन करून रिन्यूला काय काय लागतं ते विचार." दोन दिवसांत विषय संपला.

म्हणून पहिलं काम हे करा, लिस्टमधली प्रत्येक ओळ वाचा आणि बघा शेवटी क्रियापद आहे का, आणि ते हाताने करता येण्यासारखं आहे का. फोन कर, पाठव, काढ, भर, शोध, विचारून घे. "घर", "प्रोजेक्ट", "डॉक्टर" असं नुसतं नाम असेल तर ते काम नाही, तो विषय आहे. आणि "विचार कर" हे क्रियापद मी लिस्टमध्ये येऊच देत नाही, त्याच्याऐवजी "तीन पर्याय कागदावर लिही" असं लिहिते, कारण विचार झाला की नाही हे टिक कधी करणार?

यामागे थोडा अभ्यासही आहे बरं का. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं होतं की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात सारखं टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका प्लॅन केला की टोचणी कमी होते, काम पूर्ण झालेलं नसलं तरीही. म्हणजे नीट लिहिलेली ओळ डोकं मोकळं करते, नुसता शब्द करत नाही.

दुसरी गोष्ट, सगळी कामं आणि आजची कामं वेगळी ठेवा. सुचेल ते सगळं एका मोठ्या लिस्टमध्ये टाकायचं, तिथे शंभर ओळी झाल्या तरी चालतील, पण सकाळी त्यातून चार-पाचच उचलून आजच्यात आणायच्या. मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये यासाठी "माय डे" आहे, तो रोज रात्री रिकामा होतो, कामं मात्र मूळ लिस्टमध्ये तशीच राहतात, मला हे फार आवडतं कारण कालचं ओझं सकाळी समोर येत नाही. गूगल टास्क्समध्ये स्टार करून आजची कामं वेगळी ठेवता येतात, आणि तारीख टाकलेली कामं गूगल कॅलेंडरमध्येही दिसतात.

तारखेवरून आठवलं. प्रत्येक कामाला तारीख टाकू नका, प्लीज. ज्या कामाला खरोखर शेवटची तारीख आहे त्यालाच टाका, बिल, फॉर्म, अपॉइंटमेंट वगैरे. उगाच टाकलेल्या तारखा चुकत जातात, मग खऱ्या तारखेचा लाल रंगही नजरेला सवयीचा होऊन जातो आणि नेमकं तेच बिल राहतं.

परत परत येणाऱ्या कामांना मात्र रिपीट लावाच. टुडुइस्ट या अ‍ॅपमध्ये एक छान सोय आहे, रिपीटसाठी लिहिलेल्या "एव्हरी" (every) या शब्दाला चिकटून उद्गारचिन्ह टाकलं की पुढची तारीख काम टिक केल्या दिवसापासून मोजली जाते. पाण्याचा फिल्टर तीन महिन्यांनी बदलायचाय आणि या वेळी दहा दिवस उशीर झाला, तर पुढचे तीन महिने तिथून सुरू. भाडं किंवा हप्ता असेल तर साधं रिपीट, कारण तिथे तारीख ठरलेलीच असते.

अ‍ॅप कुठलं घ्यायचं यावर जास्त वेळ घालवू नका, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालणारं आणि एका टॅपमध्ये काम टाकता येणारं कुठलंही घ्या. फक्त अधूनमधून डेटा एक्स्पोर्ट करून ठेवा. वंडरलिस्ट हे टू-डू अ‍ॅप किती लोकप्रिय होतं, 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि 6 मे 2020 ला ते बंद झालं. लिस्ट मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये हलवायची सोय दिली होती, पण दर वेळी तशी मिळेलच असं नाही.

घरच्यांसोबत लिस्ट शेअर करत असाल तर प्रत्येक ओळीवर कोणाचं तरी एकाचं नाव असू दे. दोघांचं म्हणून ठेवलेलं काम दोघांनाही दुसरा करेल असं वाटतं, आणि ते तसंच राहतं.

आणि रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं. जे झालं ते टिक, जे राहिलं ते परत मोठ्या लिस्टमध्ये. एखादं काम तिसऱ्यांदा परत जात असेल तर तिथे थांबा, ते तसंच ढकलू नका. बहुतेक वेळा ओळ मोठी असते, मग तिची फक्त पहिली पायरी लिहा. कधी ते दुसऱ्या कोणाला देण्यासारखं असतं, मग तसा मेसेज लगेच टाका. आणि कधी ते आपल्याला करायचंच नसतं, तेव्हा सरळ डिलीट करा, अपराधी वाटून घेऊ नका.