ताणायचं कशासाठी? सोडता यावं म्हणून: जेकबसन पद्धतीचं शिथिलीकरण

सततची चिंता, आखडलेली मान, अंथरुणावर पडूनही न लागणारी झोप अशा तक्रारींसाठी समुपदेशक अनेकदा एकेक स्नायू आधी ताणून मग सैल सोडण्याचा हा सराव घरी करायला सांगतात. घरी मात्र तो बऱ्याचदा उलटा होतो. सगळा जोर स्नायू ताणण्यावर लागतो आणि सोडणं घाईघाईत उरकलं जातं. ताण ओळखू यावा एवढ्यापुरतंच ताणायचं असतं. खरं काम सोडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात होतं.

अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1929 साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. त्यांचं मूळ प्रशिक्षण महिनोन्‌महिने चालायचं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी ते आटोपशीर केलं, आणि 1973 मध्ये बर्नस्टीन व बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी 16 स्नायूगटांचा क्रम बसवला. खाली दिलाय तो याच क्रमाच्या अंगाने जाणारा. शवासन येत असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. पण आपले खांदे कानांकडे चढलेत याचा ज्याला पत्ताच नाही, त्याला ‘खांदे सैल सोडा’ सांगून काय उपयोग? शवासनात ताणण्याचा टप्पा नसतो, इथे तो आहे.

जेवणानंतर तासभर जाऊ द्या. पाठ आणि डोकं टेकेल अशी खुर्ची घ्या, नाहीतर सतरंजीवर उताणे पडा आणि गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवा, म्हणजे कंबर अधांतरी राहत नाही. चष्मा, घड्याळ, पट्टा काढा. कॉन्टॅक्ट लेन्सही काढा, कारण डोळे घट्ट मिटायचे आहेत.

सुरुवात उजव्या हातापासून (डावखुऱ्यांनी डाव्या). मूठ वळा, पण पूर्ण ताकदीने नको. निम्मा ते पाऊण जोर पुरे. 5 ते 7 सेकंद धरा. ताण कुठे जाणवतो ते शोधा: बोटांच्या पेरांत, तळव्यात की कोपराखालच्या फुगलेल्या भागात? उरलेलं शरीर सैल हवं, आणि श्वास चालू. मूठ वळताच श्वास रोखणं ही हमखास होणारी चूक आहे. मग मूठ एकदम सोडा. हळूहळू उघडलीत तर सोडतानाही स्नायू कामाला लागतात आणि फरक पुसट होतो. आता 30 ते 40 सेकंद काहीच करायचं नाही, फक्त हात कसा वाटतोय ते बघायचं. जड वाटेल, ऊब येईल, कधी मुंग्याही येतील. काहीच वाटलं नाही तरी बिघडत नाही. हाच गट पुन्हा एकदा करा. बहुतेकांना फरक दुसऱ्या खेपेला कळतो.

पुढचे गट याच मोजणीने. दंडासाठी कोपर खाली दाबा. मग दुसरा हात, दुसरा दंड. कपाळासाठी भुवया वर चढवा. नंतर डोळे घट्ट मिटून नाक आकसा. जबड्यासाठी दात हलके आवळून ओठांचे कोपरे मागे ओढा. दात कचकचून चावू नका. मानेसाठी हनुवटी छातीकडे ओढा, पण टेकू देऊ नका. छाती आणि खांद्यांसाठी खोल श्वास घेऊन रोखा आणि खांद्यांची पाती मागे जवळ आणा. मुद्दाम श्वास रोखायचा तो एवढ्याच गटात. पोट, कुणी बुक्की मारणार असल्यासारखं कडक करा. मग मांडी, पोटरी (पायाची बोटं स्वतःकडे ओढून) आणि पाऊल (बोटं आत वळवून). आधी एक पाय, मग दुसरा. पोटरी आणि पाऊल 5 सेकंदांच्या वर धरू नका, तिथे पटकन वांब येते. आलीच तर पाऊल स्वतःकडे ओढून धरा, आणि पुढच्या वेळी जोर निम्म्यावर आणा. प्रत्येक गट दोनदा धरला तर साधारण 25 ते 30 मिनिटं लागतात. उठताना आधी पाय हलवा, मग हात, मग मान. डोळे उघडून मिनिटभर बसा. झटकन उठलं की चक्कर येऊ शकते.

मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा मोडलेलं हाड, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखरा भाग न ताणता नुसता सैल सोडूनही सराव पुढे नेता येतो.

काहींना अंग सैल पडू लागताच उलट धडधड वाढते. सतत सावध राहायची सवय जडलेल्या मनाला ढिलं पडणंच धोक्याचं वाटतं. अशा वेळी रेटून पुढे जाऊ नका. डोळे उघडा, उठून बसा, पावलं जमिनीवर टेकवा आणि त्या दिवशी फक्त दोन्ही हातांचा सराव करा. अत्याचार, अपघात अशा आठवणी उसळून येत असतील तर हे एकट्याने करायचं काम नाही. उपचार करणाऱ्याच्या सोबतीनेच करा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणखी एक घोटाळा म्हणजे थेट घबराटीच्या झटक्यातच पहिल्यांदा करून बघणं. तेव्हा जमत नाही, आणि पद्धतच फुकट आहे असं मत होतं. शांत वेळी, रोज, शक्यतो दोनदा करा. झोपेसाठी करायचं असलं तरी सुरुवातीला अंथरुणावर नको, कारण हात संपेपर्यंतच डोळा लागतो आणि जबडा-खांद्यांपर्यंत कधी पोचणंच होत नाही.

दोनेक आठवड्यांत 16 गट अंगवळणी पडले की 7 करा: दोन हात, चेहरा, मान, धड, दोन पाय. मग 4: दोन्ही हात मिळून, चेहरा-मान, धड, दोन्ही पाय. शेवटी ताणणं वगळायचं. सोडल्यावर हात कसा वाटत होता ते आठवायचं आणि श्वास सोडताना तेवढंच सैल व्हायचं. हे लोकलमध्ये उभ्यानेही जमतं. जबड्यापासून सुरू करणं सोपं: तोंड मिटलेलं असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील, तर तिथे नको असलेला ताण आहे. ओठ मिटलेलेच ठेवून दातांमध्ये किंचित फट पडू द्या.